देणगी मिळते, शिस्त मिळवावी लागते

१ सन १९९० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ११ तारखेस जपानमधील टोकियो शहरी मुष्टियुद्धाची एक लढत झाली. एका बाजूला होता हेवीवेट गटाचा जगज्जेता माइक टायसन. तोवरच्या ३७ लढतींत त्याला कोणीही हरवले नव्हते. दुसऱ्या बाजूला होता जेम्स डग्लस. ‘बस्टर’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. डग्लस जिंकेल असे जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. लास व्हेगासच्या एका जुगारगृहात त्याच्या विजयावर एकास बेचाळीस असा भाव लागला होता. तरीही दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर कोसळला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याला उभे राहता आले नाही.

२ त्यानंतर साडेआठ महिनेही लोटले नाहीत तोच, २५ ऑक्टोबर १९९० रोजी, हाच डग्लस इव्हँडर होलिफील्डसमोर उभा राहिला आणि तिसऱ्याच फेरीत पराभूत झाला. टोकियोत त्याचे वजन २३१½ पौंड होते. या लढतीच्या वेळी ते २४६ पौंड भरले. म्हणजे जगज्जेतेपद हाती असताना त्याने सुमारे साडेसहा किलो वजन वाढवून घेतले होते. या एका लढतीसाठी त्याला दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. पण जगज्जेतेपद पुन्हा कधीच मिळाले नाही.

३ एकाच वर्षात दोन बलाढ्य पुरुष पडले, आणि त्यांपैकी कोणाच्याही अंगी बळाची उणीव नव्हती. मग उणीव कशाची होती? हा प्रश्न केवळ खेळाची आवड असणाऱ्यांचा नाही. ज्याला एखादी देणगी लाभली आहे, मग ती गळ्याची असो, बुद्धीची असो वा हातातील कसबाची असो, त्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारण्याजोगा आहे. यास्तव काही मुष्टियोद्ध्यांच्या जीवनक्रमाकडे आपण लक्षपूर्वक पाहू या.

४ तत्पूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या खेळाची शिफारस करण्याचा येथे हेतू नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूची हानी होते, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्याने १९२८ सालीच मांडले होते. तथापि याच कारणास्तव येथे बेशिस्तीची किंमत चटकन नजरेस येते. आळशी विद्यार्थ्याचे गुण कमी होतात; आळशी मुष्टियोद्ध्याला मात्र आपल्या शरीराने किंमत मोजावी लागते.

शिस्त ढळली की काय घडते?

५ व्यावसायिक मुष्टियुद्धात एक फेरी तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिटाची विश्रांती मिळते. पाहणाऱ्याला हात दिसतात. परंतु लढत पायांवर उभी असते. पहाटे एकट्याने मैलोन्‌मैल धावणे, दोरीवरच्या उड्या, सरावातल्या जोडीदाराबरोबरच्या असंख्य फेऱ्या या सर्वांमुळे पायांत आणि श्वासात बळ साठते. हा साठा कमी असेल तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीच कळत नाही. पुढे श्वास फुलू लागतो, पाय जड होतात आणि हनुवटीजवळ असलेले हात हळूहळू खाली येतात. मग जो ठोसा एरवी सहज चुकवला असता तोच तोंडावर बसतो.

६ हेवीवेट गटात वजनाला वरची मर्यादा नसते. इतर गटांत नेमलेल्या वजनापेक्षा अधिक भरणाऱ्याला विजेतेपद मिळवता येत नाही. तेथे तराजूच पहारेकरी असतो. हेवीवेटला असा पहारेकरी नाही. त्याने स्वतःला आवरले नाही तर बाहेरून कोणीही त्याला अडवत नाही. म्हणूनच या लेखातील उदाहरणे त्याच गटातील आहेत.

उधारीची शिस्त

७ टायसनचे बालपण न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत गेले. लहान वयातच तो चोऱ्यांच्या मार्गाला लागला आणि सुधारगृहात पोहोचला. तेथून कस डमाटो नावाच्या वृद्ध प्रशिक्षकाने त्याला कॅट्सकिल या गावी आपल्या घरी नेले. आईच्या मृत्यूनंतर डमाटो त्याचे कायदेशीर पालक झाले. वेळेवर उठणे, धावणे, डोके सतत हलवत ठेवून ठोसे चुकवणे, हे सर्व त्याने त्यांच्या छायेत आत्मसात केले. १९८५ च्या नोव्हेंबरात डमाटो वारले. पुढच्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, अवघ्या विसाव्या वर्षी, टायसन हेवीवेट गटातील आजवरचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. जून १९८८ मध्ये त्याने मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत हरवले.

८ त्याच वर्षी त्याने आपले प्रशिक्षक केव्हिन रूनी यांना दूर केले. रूनी हे डमाटो यांच्याच तालमीत तयार झालेले होते. ते गेले आणि टायसनला ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले नाही. डोके हलवण्याची सवय हळूहळू सुटली. एकाच ठोशाने काम भागवण्याची घाई वाढली. टोकियोच्या लढतीपूर्वी सरावात जोडीदार ग्रेग पेज याने त्याला खाली पाडले होते, तरीही कोणी सावध झाले नाही. लढतीच्या रात्री सुजलेल्या डोळ्यावर दाबावयाचे साधे साधनही त्याच्या मदतनिसांपाशी नव्हते. रबरी हातमोज्यात गार पाणी भरून त्यांनी वेळ निभावली. त्या लढतीसाठी आपण नीट तयारी केली नव्हती, हे टायसनने पुढे स्वतःच सांगितले आहे.

९ टायसनची शिस्त खरी होती, पण ती दुसऱ्याची होती. तिचा मालक गेला तशी तीही गेली. १९९२ साली बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि त्याने तुरुंगवास भोगला. कोट्यवधी डॉलर मिळवूनही २००३ मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. आईवडिलांच्या धाकाने अभ्यास करणारा मुलगा वसतिगृहात गेल्यावर एकाएकी का बदलतो, हे अनेक घरांनी पाहिले आहे. शिस्त लावणारा माणूस लाभणे ही मोठी कृपा होय. पण तो जवळ आहे तोवरच ती आपल्या अंगी मुरवून घ्यावी लागते.

एका रात्रीपुरता निश्चय

१० डग्लसची कथा वेगळी आहे. त्याचे वडील स्वतः मुष्टियोद्धे होते. उंची, हातांची लांबी, वेग, सर्व काही डग्लसला लाभले होते. तरी ऐन वेळी त्याचे मन उचल खात नाही, अशी त्याची ख्याती होती. १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्धच्या विजेतेपदाच्या लढतीत तो बरोबरीने झुंजला आणि दहाव्या फेरीत एकाएकी ढेपाळला. मग टोकियोत काय घडले? लढतीपूर्वी २३ दिवस त्याची आई वारली. आपला मुलगा टायसनला हरवणार असे ती लोकांना सांगत असे. त्या दुःखाने डग्लसला जे दिले ते आजवर कोणीही देऊ शकले नव्हते. आठव्या फेरीत टायसनच्या जबर ठोशाने तो खाली पडला, तरी उठला आणि आपली सर्व शक्ती पणाला लावून लढला.

११ त्या रात्रीचे मोल कमी लेखू नये. पण निश्चय आणि शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. निश्चय एखाद्या प्रसंगातून जन्मतो आणि प्रसंगाबरोबर ओसरू शकतो. शिस्तीला प्रसंगाची गरज नसते. ज्या सकाळी काहीच विशेष नसते त्या सकाळीही ती उठते. डग्लसचे कारण संपले आणि त्याजागी ठेवण्याजोगी सवय त्याच्यापाशी नव्हती. पराभवानंतर त्याचे वजन ४०० पौंडांच्या घरात गेले आणि १९९४ मध्ये मधुमेहामुळे तो बेशुद्धावस्थेत गेला. सुदैवाने तो त्यातून वाचला, वजन उतरवले आणि १९९६ साली पुन्हा रिंगणात उतरला.

१२ हा प्रकार जुन्या काळातलाच आहे असे कोणी समजू नये. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे अँडी रुईझने बलाढ्य अँथनी जोशुआला सातव्या फेरीत हरवले. दुसऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या जागी त्याला ऐन वेळी संधी मिळाली होती, आणि तिचे त्याने सोने केले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला सौदी अरेबियात दोघांची पुन्हा गाठ पडली. पहिल्या वेळी २६८ पौंड असलेला रुईझ आता २८३½ पौंड होता. बाराही फेऱ्या तो जोशुआच्या मागे मागे फिरत राहिला आणि गुणांवर हरला. तीन महिने आपण मेजवान्यांत घालवले, हे त्याने त्याच रात्री मोकळेपणाने मान्य केले. डग्लस आणि रुईझ यांच्यात २९ वर्षांचे अंतर आहे. खड्डा मात्र तोच आहे.

शिखरावर पोहोचल्यानंतर

१३ रिडिक बो हा टायसनच्याच वस्तीतला. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. तरीही तो आळशी आहे अशी कुजबुज होती, म्हणून वयोवृद्ध प्रशिक्षक एडी फच त्याला शिकवण्यास प्रथम राजी नव्हते. त्यांनी एक परीक्षा घेतली. आपण गावी नसू असे सांगून त्यांनी बोला पहाटेच्या धावण्याची सूचना दिली आणि प्रत्यक्षात गुपचूप पाहावयास गेले. डोंगराच्या चढावर बो एकटाच धावत येताना त्यांना दिसला. पाहणारे कोणी नसता तो धावत होता, आणि तेवढ्यावर फच यांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले.

१४ १३ नोव्हेंबर १९९२ रोजी त्या परीक्षेचे फळ मिळाले. २३५ पौंडांच्या बोने होलिफील्डला हरवून जगज्जेतेपद पटकावले. मात्र वर्षभराने, ६ नोव्हेंबर १९९३ रोजी, तेच दोघे पुन्हा भेटले तेव्हा बो २४६ पौंडांचा होता. तो निकराने लढला; पण थोडक्या गुणांनी हरला. १९९५ मध्ये तिसऱ्या लढतीत त्याने होलिफील्डला आठव्या फेरीत पाडले, म्हणजे सामर्थ्य अद्याप शिल्लक होते. जुलै १९९६ मध्ये मात्र २५२ पौंडांचा बो पोलंडच्या आंद्रे गोलोटासमोर उभा राहिला आणि त्याने बेदम मार खाल्ला. डिसेंबरात पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळा गोलोटाने कमरेखाली ठोसे मारले म्हणून पंचांनी त्याला बाद केले आणि विजय बोच्या नावावर लागला. कागदावर दोन विजय. पण त्या दोन रात्रींनी त्याची उमेदीची कारकीर्द संपवली. पुढे त्याचे बोलणे अडखळू लागल्याचे सर्वांच्या ध्यानी आले.

१५ डोंगरावर एकटा धावणारा तो तरुण कोठे गेला? त्याने जगज्जेतेपद हे ध्येय ठरवले होते, आणि ते मिळताच धावण्याचे कारण उरले नाही. ज्याचे ध्येय केवळ शिखर गाठणे आहे त्याच्यापाशी शिखरावर गेल्यानंतर काय करावे याचे उत्तर नसते. परीक्षा उत्तीर्ण होताच पुस्तक मिटणारा शिक्षक, पद मिळताच तयारी सोडणारा वक्ता, नाव होताच रियाज टाळणारा गायक, हे सर्व त्याच वाटेचे प्रवासी आहेत.

एकाच रात्री दोघांच्या लढती

१६ १४ जून १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे मॅक्स बेअरने महाकाय प्रिमो कार्नेराला पुनःपुन्हा लोळवून जगज्जेतेपद मिळवले. बेअरच्या उजव्या हाताइतका जबर ठोसा त्या काळी क्वचितच कोणापाशी होता. त्याच रात्री, त्याच ठिकाणी, मुख्य लढतीपूर्वी जेम्स ब्रॅडॉक नावाचा एक मागे पडलेला मुष्टियोद्धा लढून गेला. त्याचा उजवा हात अनेकदा मोडला होता. मंदीच्या काळात तो गोदीत हमाली करी आणि तीही न मिळाल्यास मुलाबाळांसाठी सरकारी मदत घेई.

१७ वर्षभराने, १३ जून १९३५ रोजी, हे दोघे समोरासमोर आले. बेअरने प्रतिस्पर्ध्याला क्षुल्लक मानले होते. लढतीतही तो प्रेक्षकांकडे पाहून चेष्टा करीत होता, तोंडे वेडीवाकडी करीत होता. ब्रॅडॉक शांतपणे डावा हात चालवत राहिला. गोदीतल्या कामाने तो हात कणखर झाला होता. पंधरा फेऱ्यांनंतर ब्रॅडॉक जगज्जेता झाला. सरकारी मदतीचे पैसे त्याने परत केले, हे त्याच्या चरित्रातले सर्वांत सुंदर पान होय.

१८ येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९३० मध्ये बेअरशी लढल्यानंतर फ्रँकी कँपबेल हा मुष्टियोद्धा मरण पावला होता, आणि त्या मृत्यूचे ओझे बेअरने जन्मभर वाहिले असे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे. त्याच्या हसण्यामागे काय होते, हे प्रेक्षकांस कसे कळावे? टायसनचे बालपण, डग्लसचा शोक, बोच्या वस्तीतले दारिद्र्य, हेही आपण विसरू नये. दुसऱ्याच्या बेशिस्तीवर बोट ठेवणे सोपे असते; तिच्यापासून स्वतः शिकणे हेच अधिक हिताचे.

करिंथकरांना ठाऊक असलेला खेळ

१९ प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात धावपटूबरोबरच मुष्टियोद्ध्याचाही दाखला घेतला आहे. त्याच्या वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. त्या काळच्या मुष्टियुद्धात फेऱ्या नसत, वजनाचे गट नसत; हातांना चामड्याचे पट्टे गुंडाळून, एक जण हार मानेपर्यंत झुंज चाले. ऑलिंपिया येथील खेळांत भाग घेणाऱ्याला दहा महिने नियमाने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे, असे पौसेनियस या ग्रीक लेखकाने नमूद केले आहे. शपथ जिंकण्याची नव्हती, तयारीची होती.

२० पौलाचा रोख कोठे आहे हे ध्यानात घ्या. तो प्रतिस्पर्ध्याविषयी बोलत नाही. तो स्वतःच्या शरीराविषयी बोलतो. इतरांना उपदेश केल्यावर आपणच नापसंत ठरू नये, ही त्याची चिंता आहे. म्हणजे प्रेषित झाल्यानंतर, मंडळ्या स्थापन केल्यानंतरही त्याने आपला सराव संपला असे मानले नाही. बो आणि डग्लस जेथे थांबले तेथे पौल थांबला नाही.

पुन्हा आरंभ करता येतो

२१ जॉर्ज फोरमनने १९६८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक आणि १९७३ मध्ये जगज्जेतेपद मिळवले. आपल्या ठोशापुढे कोणी टिकत नाही या भरवशावर तो १९७४ मध्ये किन्शासा येथे मुहम्मद अलीसमोर गेला, दमला आणि आठव्या फेरीत पडला. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर त्याला गाढ धार्मिक अनुभव आला. त्याने मुष्टियुद्ध सोडले आणि तो ह्यूस्टन येथे उपदेशक झाला. मुलांसाठी त्याने एक केंद्र काढले. त्या केंद्रासाठी पैसा हवा म्हणून दहा वर्षांनी, १९८७ साली, वजनदार देहाने तो रिंगणात परतला. लोक हसले. १९९१ मध्ये तो होलिफील्डकडून हरला, १९९३ मध्येही एक संधी गेली. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी मायकल मूररविरुद्ध नऊ फेऱ्या तो गुणांत मागेच होता. घाई न करता तो डावा हात पुढे करीत राहिला आणि दहाव्या फेरीत उजव्या ठोशाने ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. किन्शासातलीच लाल चड्डी त्याने त्या रात्री घातली होती. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले.

२२ त्या रात्री फोरमन सुमारे २५० पौंडांचा होता, म्हणजे हरलेल्या डग्लसहूनही जड! यावरून काय दिसते? तराजूचा आकडा हे केवळ लक्षण आहे. काम केले होते की नाही, हा खरा प्रश्न आहे. फोरमनने सात वर्षे, हसणाऱ्यांच्या देखत, काम केले होते. आणि आता तो केवळ स्वतःसाठी लढत नव्हता.

२३ मग आपण काय करावे? पहिले, कोणी आठवण न देता आपण कोणते काम करतो हे तपासावे. तेवढीच आपली स्वतःची शिस्त आहे. दुसरे, ‘नाही’ म्हणणारा एक तरी माणूस जवळ ठेवावा आणि यश मिळाल्यावर त्याला दूर करू नये. तिसरे, यशानंतरच्या पहिल्या आठवड्यावर विशेष नजर ठेवावी. अपयशात माणूस आपोआप सावध होतो, यशात नाही. चौथे, आपली देणगी कोणाच्या उपयोगी पडते याचा विचार करावा. इतरांसाठी वाहिलेले काम सोडणे अधिक अवघड जाते. देणगी आपण कमावलेली नसते. ती जपणे तेवढे आपल्या हाती असते, आणि ते उद्या सकाळी, कोणी पाहत नसता, सुरू करता येते.

अभ्यासासाठी प्रश्न

• हेवीवेट गटात आत्मसंयमाची कसोटी अधिक कठीण का असते? (परिच्छेद ५, ६)
• टायसनच्या शिस्तीला ‘उधारीची’ का म्हटले आहे? आपल्या मुलांना आपण कोणती शिस्त देत आहोत? (७–९)
• निश्चय आणि शिस्त यांत कोणता भेद आहे? (१०–१२)
• बोच्या पहिल्या परीक्षेपासून आणि नंतरच्या घसरणीपासून काय शिकता येते? (१३–१५)
• इतरांच्या बेशिस्तीविषयी बोलताना कोणती सावधगिरी बाळगावी? (१८)
• पौलाच्या दाखल्यातील मुष्टियोद्ध्याचा खरा झगडा कोणाशी आहे? (१९, २०)
• फोरमनच्या पुनरागमनामागे कोणती प्रेरणा होती, आणि तिचा आपल्या कामाशी काय संबंध आहे? (२१–२३)